नॉर्वेची सहल: आधी उजेड ठरवा, मग तारखा

नॉर्वेच्या सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न थंडीचा विचारला जातो. कोणत्या महिन्यात किती तापमान असते, मुलांना आणि घरातल्या ज्येष्ठांना ते सोसेल का, गरम कपडे किती लागतील, अशी चौकशी सुरू होते. ही चौकशी रास्त आहे, पण नियोजनाच्या क्रमात ती बरीच नंतर यायला हवी. नॉर्वेत काय पाहता येईल आणि काय पाहता येणार नाही, हे थंडीपेक्षा उजेडावर अधिक अवलंबून असते. उजेडाच्या खालोखाल पाऊस आणि ढग, मग डोंगरांची उंची आणि सर्वांत शेवटी तापमान. थंडीवर कपड्यांचा इलाज आहे. सूर्यच उगवत नसेल किंवा घाटरस्ता बर्फाखाली गाडला गेला असेल, तर त्यावर प्रवाशाला काहीच इलाज करता येत नाही.

या गोष्टी सारख्याच प्रमाणात भरवशाच्या नाहीत, हेही आधी लक्षात घ्यावे. उजेड गणिताने ठरतो, त्यामुळे 2030 सालच्या एखाद्या तारखेला उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात सूर्य किती वाजता उगवेल हे आजच सांगता येते. घाटरस्ते उघडण्याचा काळ दरवर्षी आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतो, पण त्याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पाऊस आणि ढग यांच्याबद्दल मात्र काही दिवसांपलीकडचे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून तारखा उजेडावरून ठरवाव्यात, मार्ग रस्त्यांच्या वेळापत्रकावरून आखावा आणि पावसासाठी कार्यक्रमात मोकळे दिवस ठेवावेत, असे माझे मत आहे. सहल कंपन्यांच्या पत्रकांत तापमानाचा तक्ता ठळक छापलेला असतो आणि दिवसाच्या लांबीचा उल्लेखही नसतो, ही उलटी तऱ्हा आहे.

उजेडाचे गणित

नॉर्वेची मुख्य भूमी दक्षिणेला सुमारे 58 अंश उत्तर अक्षांशापासून उत्तरेला 71 अंशांपर्यंत पसरली आहे. मुंबई 19 अंशांवर आणि नागपूर 21 अंशांवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंतराची कल्पना येते. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितकी उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या दिवसांच्या लांबीमधली तफावत वाढत जाते. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. साधारण 60 अंशांवरच्या ऑस्लोमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जवळजवळ 19 तासांचा होतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सहा तासांचाही उरत नाही.

आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला गेल्यावर दिवसाची लांबी मोजण्यालाच काही काळ अर्थ राहत नाही. ट्रोम्सोमध्ये 20 मेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो थेट 22 जुलैच्या आसपास पुन्हा मावळू लागतो. उलट 27 नोव्हेंबरच्या सुमारास गेलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. शहराभोवती डोंगर असल्यामुळे त्याचे प्रत्यक्ष दर्शन घडायला 21 जानेवारी उजाडते, आणि त्या दिवशी तिथल्या शाळांत व कचेऱ्यांत जॅम भरलेले तळलेले गोड पाव वाटून सूर्याचे स्वागत केले जाते. त्याच्याही उत्तरेला, 71 अंशांवरच्या नॉर्डकाप या टोकावर, मध्यरात्रीचा सूर्य साधारण 14 मे ते 29 जुलै दिसतो, तर दक्षिणेकडे आर्क्टिक वृत्ताजवळच्या बोडो शहरात तो जेमतेम जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच असतो. त्यामुळे ‘मध्यरात्रीचा सूर्य कधी दिसतो’ या प्रश्नाला नॉर्वेपुरते एक उत्तर नाही. कोणत्या गावात, हे विचारल्याशिवाय तारीख सांगता येत नाही, आणि ऑस्लो किंवा पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये तर तो कधीच दिसत नाही.

दिवस केवळ लांब किंवा आखूड असतो असे नाही, तो अतिशय वेगाने बदलतही असतो. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत ट्रोम्सोमधला दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी वाढतो किंवा घटतो. मुंबईत हाच फरक दिवसाला जेमतेम एक मिनिटाचा असतो. याचा अर्थ असा की, विमानाचे तिकीट थोडे स्वस्त मिळते म्हणून सहल दहा दिवस पुढे ढकलली, तर त्या बदल्यात दिवसाचा दीड तास हातचा जाऊ शकतो किंवा मिळू शकतो. तिकिटाचे दर पाहताना हा हिशेबही शेजारी मांडून ठेवावा.

ध्रुवीय रात्रीबद्दल, म्हणजे सूर्य उगवतच नाही त्या काळाबद्दल, आपल्याकडे एक गैरसमज आहे. त्या सात आठवड्यांत ट्रोम्सोमध्ये चोवीस तास मिट्ट काळोख असतो असे नव्हे. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजाच्या साधारण तीनच अंश खाली असतो, त्यामुळे दुपारच्या मागेपुढे काही तास निळसर, कधी गुलाबी झाक असलेला संधिप्रकाश पसरतो. त्यात फिरता येते, छायाचित्रे काढता येतात, कुत्र्यांच्या घसरगाडीतून फेरीही मारता येते. 78 अंशांवरच्या स्वालबार्ड बेटांची गोष्ट वेगळी आहे. तिथे डिसेंबरात दुपार आणि मध्यरात्र यांत डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. ज्यांना अंधाराने उदास वाटते त्यांनी डिसेंबरऐवजी फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च निवडावा. बर्फ तेवढाच असतो, किंबहुना अधिक साचलेला असतो, आणि दिवस झपाट्याने मोठा होत असतो.

याच गणितातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स (सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे रात्रीच्या आकाशात उमटणारा रंगीत प्रकाश) एकाच सहलीत पाहायला मिळावेत, अशी अनेकांची इच्छा असते आणि ती पुरी होणे शक्य नाही. नॉर्दर्न लाइट्स वर्षभर निर्माण होतच असतात, परंतु ते दिसायला आकाश पुरेसे काळे असावे लागते, आणि उत्तर नॉर्वेत मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तसे आकाशच नसते. त्यांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. दोहोंपैकी एक निवडल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही.

समुद्राची ऊब आणि पश्चिमेचा पाऊस

इतक्या उत्तरेला असूनही नॉर्वेची किनारपट्टी तिच्या अक्षांशाच्या मानाने कमालीची उबदार आहे. रशियातले याकुत्स्क शहर 62 अंशांवर, म्हणजे ट्रोम्सोच्या सात अंश दक्षिणेला आहे आणि तिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे 35 अंशांच्याही खाली जाते. ट्रोम्सोत ते उणे तीन-चार अंशांच्या आसपास राहते. अटलांटिक महासागरातून ईशान्येकडे वाहत येणारा उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारे पश्चिमी वारे ही या उबेची कारणे आहेत. त्यांच्यामुळेच नॉर्वेची बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत आणि बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंतची किनारी जहाजसेवा बाराही महिने चालू राहते.

मात्र हेच वारे समुद्रावरची आर्द्रता घेऊन येतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकून वर चढतात. वर चढलेली हवा थंड होते आणि पाऊस पडतो. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण सह्याद्री नेमके हेच करतो. कोकणाला भिजवतो, माथ्यावर महाबळेश्वराला झोडपतो आणि पलीकडच्या माण-खटावला कोरडे ठेवतो. नॉर्वेत कोकणाच्या जागी बर्गन आहे. तिथे वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे जवळपास मुंबईइतकाच पाऊस पडतो. फरक असा की मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन तो वर्षभर पुरवून पुरवून पाडते. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 2007 च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग 85 दिवस पावसाचे गेले होते. डोंगरांच्या पलीकडे ओटा नदीच्या खोऱ्यातल्या लोम परिसरात मात्र वर्षाला 300 ते 350 मिलिमीटरच पाऊस होतो, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वीपासून पाट काढून शेतीला पाणी दिलेले आहे. नॉर्वेत शेतीसाठी पाट, हे ऐकून आश्चर्य वाटते खरे, पण नकाशावर डोंगररांग पाहिली की उलगडा होतो.

नियोजनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की बर्गन आणि भोवतालचा फियॉर्डांचा, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांचा, प्रदेश तुलनेने कोरडा असतो तो एप्रिल ते जून या काळात. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत तिथे पावसाचा जोर असतो. दुसरी अशी की बर्फ पाहण्यासाठी जानेवारीत बर्गनला जाणारा प्रवासी बहुधा निराश होतो, कारण तिथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असते आणि आकाशातून पडते ते पाणी. बर्फाची खात्री हवी असेल तर समुद्रापासून दूर आणि उंचावर जावे लागते. समुद्राची ऊब न पोहोचणाऱ्या आतल्या भागांत थंडी खरोखर कडाक्याची असते. नॉर्वेतले आजवरचे नीचांकी तापमान, उणे 51.4 अंश, 1 जानेवारी 1886 रोजी उत्तरेतल्या कारासयोक या गावी नोंदवले गेले. हे गाव ट्रोम्सोच्याच अक्षांशाच्या आसपास आहे, फक्त समुद्रापासून दूर आहे.

उत्तरेतल्या लोफोटेन बेटांवर या समुद्री हवेचा एक चविष्ट उपयोग करून घेतला जातो. तिथे हिवाळ्यात तापमान शून्याच्या किंचित वरखाली घुटमळत राहते, त्यामुळे फेब्रुवारीपासून मेपर्यंत कॉड मासे मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर सुकवता येतात. थंडी फार वाढली तर मासा गोठून फुटतो आणि उष्मा वाढला तर माश्या बसतात. मार्चमध्ये लोफोटेनला गेल्यास सगळीकडे हे मांडव लागलेले दिसतात. किनाऱ्यावरच्या माणसाला तो वास परका वाटणार नाही, इतरांनी मात्र तयारी ठेवावी.

उंची आणि बंद घाट

दर शंभर मीटर चढल्यावर तापमान साधारण 0.6 अंशाने उतरते. ट्रोलटुंगा हा प्रसिद्ध कडा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पायथ्याजवळचे ओडा गाव फियॉर्डच्या काठावर, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला. गावात 14 अंश तापमान असेल तर कड्यावर सात अंश, त्यावर वारा. दहा-बारा तासांची ही पायपीट मार्गदर्शकाशिवाय जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच करावी, असा तिथला संकेत आहे. 604 मीटर उंचीचा प्रेइकेस्टोलेन हा दुसरा कडा मात्र येऊन-जाऊन आठ किलोमीटरचा आणि चार-एक तासांचा असल्यामुळे मेपासून ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांना जमतो.

रस्त्यांचे गणितही उंचीवरच बेतलेले आहे. अकरा नागमोडी वळणांचा ट्रोलस्टिगेन घाट 1936 साली खुला झाला. तो दरवर्षी शरदाच्या अखेरीस बंद होतो आणि साधारण मेच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर उघडतो. शिवाय दरडींचा धोका वेगळाच, 2024 मध्ये तो ऐन उन्हाळ्यात बंद ठेवावा लागला होता. 1,434 मीटरपर्यंत चढणारा सोग्नेफ्येल रस्ताही हिवाळाभर बंदच असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात मोटार भाड्याने घेऊन या दोन घाटांतून जाण्याचा बेत आखणाऱ्याला मार्ग बदलावा लागणार हे जवळपास ठरलेले असते, कारण नकाशाचे ॲप अंतर दाखवते आणि तेवढ्यावर विसंबून मुक्काम आरक्षित केलेले असतात. रस्ता उघडा आहे की नाही हे नॉर्वेच्या सार्वजनिक रस्ते प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि ते सहलीच्या आधी एकदा नव्हे, सहलीत रोज सकाळी पाहावे. हार्डांगरविडा पठारावरून जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक 7 हिवाळ्यातही चालू ठेवतात, पण वादळात तिथे ताफ्याची पद्धत लागू होते. ठरावीक वेळी बर्फ उपसणारे वाहन पुढे निघते आणि त्यामागे रांगेने गाड्या सोडल्या जातात. वादळ वाढले तर ताफाही थांबतो. बर्फावर मोटार चालवण्याची सवय नसलेल्यांनी हा अनुभव न घेतलेला बरा.

सुदैवाने पर्याय चांगले आहेत. ऑस्लो ते बर्गन हा 1909 पासूनचा रेल्वेमार्ग 1,222 मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकावरून बाराही महिने धावतो. त्यावरच्या मिर्डालहून फ्लोमपर्यंत उतरणारी वीस किलोमीटरची फ्लोम रेल्वे आणि फ्लोमहून निघणारी, जागतिक वारसा लाभलेल्या नॅरॉयफियॉर्डमधली बोटही वर्षभर चालते. रस्त्याने जायचे तर आउरलांड आणि लार्डाल यांना जोडणारा 24.5 किलोमीटरचा बोगदा 2000 सालापासून बर्फाळ घाटाला पर्याय म्हणून आहे. मे महिन्यात किंवा हिवाळ्यात पश्चिम नॉर्वे पाहायचा असेल तर मोटारीचा हट्ट सोडून रेल्वे आणि बोट यांवर सहल बांधणे हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आपल्या सुट्ट्या आणि तिथले ऋतू

महाराष्ट्रातल्या कुटुंबांची खरी अडचण अशी की, मुलांच्या दोन मोठ्या सुट्ट्या, म्हणजे उन्हाळ्याची आणि दिवाळीची, नॉर्वेतल्या दोन अधल्यामधल्या काळांत येतात. एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ तिथे वसंताचा आहे, पण तो सगळीकडे एकाच वेळी येत नाही. ट्रोम्सोमध्ये 29 एप्रिल 1997 रोजी 240 सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे, त्यामुळे ‘एप्रिल म्हणजे उन्हाळा’ हे आपले समीकरण उत्तरेत लागू होत नाही. तिथे मेच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ वितळत असतो, पायवाटा चिखलाच्या असतात, नॉर्दर्न लाइट्सचा हंगाम संपलेला असतो आणि मध्यरात्रीचा सूर्य अजून आलेला नसतो. उत्तरेसाठी याहून अवघड पंधरवडा शोधून सापडणार नाही.

हाच काळ दक्षिण आणि पश्चिम नॉर्वेसाठी मात्र उत्कृष्ट आहे. मेच्या मध्यापासून हार्डांगर फियॉर्डच्या उतारांवर सफरचंद, चेरी आणि प्लमच्या बागा फुलतात. डोंगरावरचा बर्फ वितळू लागल्यामुळे धबधब्यांना याच वेळी सर्वाधिक पाणी असते, आणि 182 मीटरचा वोरिंग्सफोसेन धबधबा जूनमध्ये पाहणे आणि ऑगस्टअखेरीस पाहणे यांत बरेच अंतर आहे. बर्गनचा पाऊस वर्षातल्या कमी पातळीवर असतो आणि ऑस्लोत दिवस साडेसोळा तासांच्या पुढे गेलेला असतो. 17 मे हा 1814 च्या राज्यघटनेचा दिवस. त्या दिवशी गावोगाव मुलांच्या मिरवणुका निघतात, लोक पारंपरिक पोशाखात बाहेर पडतात, पण दुकाने बंद असतात आणि ऑस्लोतली हॉटेले आधीच भरलेली असतात. ज्यांची सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबते, त्यांनी बागा आणि धबधबे पाहून शेवटचे तीन-चार दिवस विमानाने ट्रोम्सोला जावे. तोवर मध्यरात्रीचा सूर्य सुरू झालेला असतो आणि खालच्या वाटा बऱ्यापैकी मोकळ्या झालेल्या असतात.

दिवाळीचा हिशेब जरा वेगळा आहे, कारण तिची तारीख सरकते. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि 2027 मध्ये 29 ऑक्टोबरला. वर दिलेला दिवसाला आठ-नऊ मिनिटांचा हिशेब इथे कामी येतो. 8 नोव्हेंबरला ट्रोम्सोत सूर्य क्षितिजावर पाच तासांच्या आसपास असतो, तर ऑक्टोबरअखेरीस त्याहून तास-दीड तास अधिक. नॉर्दर्न लाइट्ससाठी रात्री लांब आणि काळ्या असतात, पण बर्फाची खात्री नसते आणि ढगांचे प्रमाण बरेच असते. फियॉर्डांच्या भागात या दिवसांत पाऊस भरपूर आणि घाट बंद किंवा बंद होण्याच्या बेतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळा देश पाहण्याची महत्त्वाकांक्षा न धरता ऑस्लोतली संग्रहालये आणि उत्तरेत एकाच ठिकाणी चार-पाच रात्री, एवढेच करावे.

शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नसलेल्यांसाठी माझी पहिली पसंती सप्टेंबरचा पूर्वार्ध आहे. उंचावरचे घाट उघडे असतात, डोंगरांवर आणि उत्तरेत झाडोरा पिवळा-तांबडा होतो, गर्दी ओसरलेली असते आणि रात्री पुन्हा काळ्या झाल्यामुळे नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात. अर्थात त्याच सुमारास घरी गणपती बसतात, त्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. जुलै हा सर्वांत उबदार महिना खरा, पण त्या महिन्यात बहुतेक नॉर्वेजियन लोक स्वतःच सुट्टीवर असतात. लोफोटेन आणि फियॉर्डांकाठच्या खोल्या महिने आधी भरतात आणि ऑस्लोतली काही लहान उपाहारगृहे चक्क बंद असतात. ईस्टरच्या आठवड्यातही असेच होते.

अंदाज कसा वाचावा

हवामानाचा अंदाज शास्त्रीय पायावर उभा करण्यात बर्गन शहराचा मोठा वाटा आहे. 1917 साली नॉर्वेजियन शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस तिथे आले आणि त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण संशोधकांनी उष्ण व थंड हवेच्या राशींमधल्या सीमारेषांचा, म्हणजे आघाड्यांचा सिद्धान्त मांडला. आज वर्तमानपत्रांतल्या हवामानाच्या नकाशांवर त्रिकोण आणि अर्धगोल लावलेल्या ज्या रेषा दिसतात, त्या या कामातून आल्या. अटलांटिकवर तयार होणारी वादळी आवर्तने एकामागून एक नॉर्वेच्या किनाऱ्यावर येतात आणि त्यांच्या दोन आघाड्यांच्या मध्ये काही तासांची उघडीप असते. म्हणून पश्चिम नॉर्वेत दिवसाचा अंदाज पाहून ‘उद्या पाऊस आहे’ असे ठरवणे पुरेसे नसते, तासागणिक अंदाज पाहावा लागतो. सकाळी मुसळधार आणि दुपारी स्वच्छ ऊन हे तिथे नित्याचे आहे.

नॉर्वेची हवामानशास्त्र संस्था आणि तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था मिळून 2007 पासून ‘यर’ ही मोफत सेवा चालवतात. तिच्यावर तासागणिक पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वारा मीटर प्रति सेकंद या एककात दिलेला असतो. आपल्याला किलोमीटर प्रति तासाची सवय असल्यामुळे 10 हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो ताशी 36 किलोमीटर होतो. तापमान उणे 5 असताना तेवढा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे 13-14 इतके जाणवते. म्हणून केवळ तापमानाच्या आकड्यावर कपडे ठरवू नयेत. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, मधे ऊब धरणारा थर आणि बाहेर वारा-पाणी अडवणारे जाकीट, अशी तीन थरांची पद्धत जून महिन्यातही डोंगरावर लागते. आतला थर सुती नसावा, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा अंगावरच थंड पडतो. हिवाळ्यात शहरातले पदपथही निसरडे असतात आणि बुटांखाली लावायचे धातूचे काटे तिथल्या दुकानांत सहज मिळतात. ज्येष्ठ सोबत असतील तर ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. जाड कोटापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो.

अंदाजावर किती दिवस विसंबावे, याचे साधे उत्तर असे की पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज कार्यक्रम ठरवण्याइतका चांगला असतो, चौथ्या-पाचव्या दिवसाचा केवळ कल दाखवतो आणि त्यापुढच्या आकड्यांकडे कुतूहल म्हणूनच पाहावे. त्यामुळे डोंगर चढण्याचा दिवस मुंबईत बसून निश्चित करू नये. ओडा किंवा प्रेइकेस्टोलेनजवळचे स्टावांगर इथे तीन दिवस राहून त्यातला सर्वांत चांगला दिवस कड्यासाठी वापरावा आणि उरलेले दोन फियॉर्ड, गाव आणि संग्रहालये यांना द्यावेत. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमांची संहिता सर्वत्र लावलेली असते. तिच्यातला आठवा नियम सांगतो की वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेल्या माणसाला हा नियम पाळणे सर्वांत जड जाते, आणि राखीव दिवस हाताशी असेल तरच तो पाळला जातो.

नॉर्दर्न लाइट्सनाही हाच न्याय लागू आहे. ते जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवर घडतात, तर ढग दहा किलोमीटरच्या आत असतात. ट्रोम्सो हे शहर त्यांच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे सौर हालचाल मध्यम असली तरी तिथे भागते, अडथळा येतो तो ढगांचा. समजा, एखाद्या रात्री आकाश मोकळे मिळण्याची शक्यता तीनात एक आहे. मग एकाच रात्रीच्या मुक्कामात निराशा पदरी पडण्याची शक्यता 67 टक्के, तीन रात्रींत ती 30 टक्क्यांवर आणि चार रात्रींत 20 टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात ढगाळ दिवस सलग येत असल्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण दिशा हीच राहते. शिवाय ट्रोम्सोत ढग असले तरी डोंगरांच्या आडोशाला, फिनलंडच्या सीमेकडे आकाश बऱ्याचदा मोकळे असते. तिथले जाणकार चालक प्रवाशांना याच कारणासाठी रात्री दोनशे किलोमीटरपर्यंत आत घेऊन जातात. अशा फेरीचे आरक्षण पहिल्या रात्रीचे करावे, म्हणजे ती निष्फळ ठरली तर पुढच्या रात्री हातात राहतात. शेवटच्या रात्रीसाठी ती राखून ठेवण्याचा मोह टाळावा. लोफोटेनला बोडोहून जाणारी बोट आणि तिथली लहान विमाने हिवाळी वादळांत रद्द होतात, म्हणून परतीच्या मोठ्या विमानाच्या आधी किमान एक पूर्ण दिवस ऑस्लोत काढावा.

व्हिसाचे वेळापत्रकही ऋतूंशी बांधलेले आहे. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण 2001 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो आणि त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनच्या प्रवासाची गर्दी भारतातल्या केंद्रांवर मार्च-एप्रिलमध्येच सुरू होते, म्हणून उन्हाळी सुट्टीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्यावा. स्वालबार्ड मात्र शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. मुख्य भूमीवरून तिथे जाऊन परत यायचे असेल तर एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा अर्जातच मागून घ्यावा लागतो.